मोडले, तुटले, फुटले : 'ब्रोकन' ह्या शब्दाचा अभ्यास

शास्त्रवाचन : स्तोत्र ५१, स्तोत्र ३४:१५-२२, यशया ६१:१-४, यहेज्केल ३४:१-१६

इंग्रजीतील 'ब्रोकन' हा शब्द आता आपल्या मंडळ्यांत पाहुणा राहिलेला नाही. तरुणांच्या शिबिरांत, प्रार्थनासभांत आणि पुष्कळ वेळा व्यासपीठावरूनही तो ऐकू येतो. "आपण सर्व ब्रोकन आहोत," "हे जग ब्रोकन आहे," "प्रभू, मला ब्रोकन कर," अशी वाक्ये सहज बोलली जातात. वक्त्याला मराठी शब्द वापरावासा वाटला तर तो बहुधा 'तुटलेले' असे म्हणतो. ऐकणारे मान डोलावतात. पण 'तुटलेले' म्हणजे नेमके काय झालेले, हे वर्गातल्या मुलाने विचारले तर शिक्षकाला थांबावे लागते.

ह्या लेखात आम्ही ह्या एका विशेषणाचा अर्थ व मूळ पाहणार आहोत. आणि त्याच्या जागी मराठीत, हिंदीत व पवित्र शास्त्राच्या मूळ भाषांत कोणते शब्द येतात तेही पाहणार आहोत. काय बिघडले आहे हे ज्याला नीट सांगता येत नाही, त्याला ते नीट करणेही साधत नाही. वस्तूंच्या बाबतीत ह्या चुकीने थोडे पैसे जातात. माणसांच्या बाबतीत ती फार महाग पडते. म्हणून हा अभ्यास शब्दांचा असला तरी केवळ शब्दांपुरता नाही.

१. शब्दाचे कूळ

'ब्रोकन' हे 'ब्रेक' ह्या क्रियापदापासून झालेले विशेषण आहे. सुमारे एक हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत मूळ क्रियापद 'ब्रेकान' आणि त्याचे विशेषण 'ब्रोकेन' असे होते. लॅटिन भाषेतील 'फ्रांगेरे', म्हणजे मोडणे, हा शब्द ह्याच कुळातला. लॅटिनमध्ये 'फ' आणि इंग्रजीत 'ब' कसा, असे वाचकांस वाटेल. पण आपल्या 'भ्राता' शब्दाकडे पाहा. संस्कृतातील भ्राता इंग्रजीत 'ब्रदर' होतो आणि लॅटिनमध्ये 'फ्राटेर' होतो. त्याच नियमाने 'ब्रेक' व 'फ्रांगेरे' ही भावंडे ठरतात. डॉक्टर हाडाच्या बाबतीत ज्याला 'फ्रॅक्चर' म्हणतात आणि गणिताचे शिक्षक अपूर्णांकाला जे 'फ्रॅक्शन' म्हणतात, ते दोन्ही शब्द 'फ्रांगेरे'पासून निघालेले आहेत.

इंग्रजीत हा शब्द फार ऐसपैस झाला. काच, काठी, दोरी, हाड, वचन, कायदा, प्रकृती, संसार, मन, जे जे म्हणून अखंड राहिले नाही ते सर्व 'ब्रोकन'. झोपमोड झाली तर झोप ब्रोकन. मोडकेतोडके इंग्रजी बोलणाऱ्याचे इंग्रजीही ब्रोकन. खिशात दमडी नसलेला मनुष्य 'ब्रोक'. सकाळी रात्रभराचा उपास सोडतात म्हणून त्या खाण्याला 'ब्रेकफास्ट'.

ह्याशिवाय दोन अर्थ असे आहेत की त्यांत नुकसान मुळीच नाही. रानटी घोड्याला लगामाची व स्वाराची सवय लावली की इंग्रज मनुष्य त्याला 'ब्रेक' केले म्हणतो. तसेच पडीक जमीन प्रथम नांगरली की ती 'ब्रोकन' जमीन. होशेय १०:१२ मध्ये संदेष्टा लोकांना आपली पडीत जमीन नांगरावयास सांगतो, तेथे इंग्रजी शास्त्रात 'ब्रेक' हेच क्रियापद आहे. इंग्रजी बोलणारा भक्त जेव्हा "मला ब्रोकन कर" अशी प्रार्थना करतो तेव्हा त्याच्या कानात हा घोडा आणि हे शेत असू शकते. आपण त्याचे "मला तोड" असे भाषांतर केले की घोडा व शेत दोन्ही नाहीसे होतात, आणि देव जणू आपले तुकडे करण्यात आनंद मानतो अशी भलतीच समजूत मुलांच्या मनात शिरते. "प्रभू, माझे मन नांगर," असे म्हटले तर कोणत्याही शेतकऱ्याच्या मुलाला अर्थ समजेल.

२. मराठीचा काटेकोरपणा

आता आपल्या भाषेकडे येऊ. मराठीत काच फुटते, दोरी तुटते, काठी मोडते, कापड फाटते. भिंतीला तडा जातो, जमिनीला भेग पडते, पातेले चेपते, घड्याळ बिघडते, दूध नासते, लाकूड किडते, लोखंड गंजते. मराठी माणूस हे शब्द कधी पाठ करीत नाही. ते आईच्या बोलण्यातूनच येतात. तरी त्यांत एक व्यवस्था आहे. जे ताणलेले असते ते तुटते. जे कडक असून वाकवले जाते ते मोडते. जे पोकळ किंवा ठिसूळ असते ते फुटते. जे विणलेले व पातळ असते ते फाटते. म्हणजे वस्तूचा स्वभाव काय होता, आणि तिच्यावर कोणत्या तऱ्हेचा जोर आला, हे दोन्ही मराठी क्रियापदातच सांगून टाकते.

उपदेशक १२:६ मध्ये म्हातारपण व मरण ह्यांची चार चित्रे आहेत : दोरी, कटोरा, घागर आणि विहिरीवरचा रहाट. मराठी वाचकाला ती चारही एका क्रियापदाने सांगता येणार नाहीत. दोरी तुटावयास हवी, कटोरा व घागर फुटावयास हवीत, आणि रहाट मोडावयास हवा. लूक ५:६ मध्ये मासे इतके सापडले की जाळ्यांचे काय होऊ लागले? जुन्या इंग्रजी शास्त्रात तेथे 'ब्रेक'चेच रूप आहे. मराठीत जाळी फाटू लागली. मार्क १४:३ मध्ये त्या स्त्रीने सुगंधी तेलाची कुपी फोडली. तेथेही इंग्रजीत 'ब्रेक'च.

इंग्रजीतून मराठीत शब्द आणणाऱ्यांना ही अडचण पहिल्यापासून भेटली असली पाहिजे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला व त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ साली आली. त्यांनीच आरंभ केलेला इंग्रजी-मराठी कोश कँडी यांनी पुरा केला व तो १८४७ साली प्रसिद्ध झाला. बाबा पदमनजी यांनी मोल्सवर्थचा संक्षिप्त कोश १८६३ साली काढला. मराठीतून इंग्रजीत जाताना तुटणे, फुटणे, मोडणे ह्या तीन ओढ्यांचे पाणी एकाच नदीत मिळते. इंग्रजीतून मराठीत येताना मात्र त्या नदीच्या काठी उभे राहून, ह्यातले कोणते पाणी कोणत्या ओढ्याचे, हे ओळखावे लागते.

दुरुस्तीचे शब्दही असेच वेगवेगळे आहेत. तुटलेली दोरी सांधतात. फाटलेले कापड शिवतात किंवा त्याला ठिगळ लावतात. मोडलेले हाड बसवून बांधतात. चेपलेले पातेले ठोकून सरळ करतात. बिघडलेले घड्याळ दुरुस्त करतात. फुटलेल्या माठाला मात्र इलाज नाही. नवा आणावा लागतो. हाड शिवावयास आणि कापड ठोकावयास कोणी जात नाही. अमुक प्रकारचे नुकसान, म्हणून अमुक प्रकारचा उपाय, हे शहाणपण आपल्या भाषेतच साठवलेले आहे.

आणखी एक गोष्ट. तुटणे व तोडणे, फुटणे व फोडणे, फाटणे व फाडणे अशा जोड्या मराठीत आहेत. पहिल्या शब्दात वस्तूला काय झाले ते कळते. दुसऱ्यात कोणीतरी ते केले हे कळते. 'ब्रोकन' ह्या विशेषणात करणारा दिसत नाही. "ती स्त्री ब्रोकन आहे," एवढ्याने तिला कोणी मोडले, की तिचे तीच चुकली, की केवळ दुःखाने ती खचली, ह्यांतले काहीच समजत नाही. ह्या मुद्द्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

३. हातोदच्या बाजूची मराठी

इंदूर जिल्ह्यातील हातोद, इंदूर शहर, महू, देवास ह्या भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा विषय अधिकच जवळचा आहे. होळकरशाहीपासून माळव्यात मराठी नांदते आहे. परंतु आज घरी मराठी, बाजारात माळवी, शाळेत हिंदी आणि मोठ्या वर्गांत इंग्रजी असा चार भाषांचा संसार असतो. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ साली ह्या भागात कामास आरंभ केला. येथील मंडळ्यांची उपासना आज बहुतेक ठिकाणी हिंदीतून चालते. त्यामुळे पुष्कळ घरांत आजीच्या उशाशी मराठी शास्त्र, नातवाच्या हाती हिंदी, आणि कॉलेजात जाणाऱ्या नातीजवळ इंग्रजी असे दृश्य असते.

हिंदीत 'फूटना' व 'फटना' हे शब्द आहेतच. तरी 'टूटना' ह्याचा पसारा मोठा आहे. काच, कप, खुर्ची, हाड, दोरी, मन, सगळ्यांना 'टूटना' चालते. म्हणून इकडची मराठी मुले "कप तुटला," "काच तुटली" असे सर्रास बोलतात. पुण्याहून आलेला पाहुणा हसतो. हसण्याचे कारण नाही. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्याचे बोलणे असेच होते. परंतु आपल्या मुलांचे 'फुटणे' आणि 'मोडणे' हे शब्द हरवू नयेत, ह्याची काळजी घरातल्या वडीलमाणसांनी घ्यावी. हरवते ते केवळ व्याकरण नव्हे, पाहण्याची एक बारकाई हरवते.

उलट, दोन-तीन भाषांतली शास्त्रे एका घरात असणे हा मोठा लाभही आहे. स्तोत्र ५१:१७ उघडून पाहा. तेथे देवाला प्रिय असणाऱ्या मनासाठी दोन विशेषणे आहेत. मराठीत ती 'भग्न' व 'अनुतप्त' अशी आहेत. हिंदीत 'टूटा' व 'पिसा हुआ'. इंग्रजीत 'ब्रोकन' व 'काँट्राइट'. 'भग्न' हा शब्द संस्कृत 'भञ्ज्' ह्या धातूपासून आला. भंग व भंजन हे त्याचेच आप्त. 'अनुतप्त' ह्यात 'तप्' म्हणजे तापणे हा धातू आहे : कृत्य घडून गेल्यावर मागाहून पोळलेले मन. 'काँट्राइट' हा लॅटिनमधला शब्द असून त्याचा मूळ अर्थ घासून झिजवलेले, कुटलेले असा आहे. हिंदीतील 'पिसा हुआ' तर थेट जात्याकडे नेतो. इब्री भाषेत तेथे 'दाका' ह्या धातूचे रूप आहे, म्हणजे चिरडलेले, चुरा झालेले. मराठीने आतली आग दाखवली. हिंदीने मूळ चित्र जपले. आजी आणि नातू आपापली शास्त्रे घेऊन शेजारी बसतील तर दोघांनाही ह्या ओळीत आजवर न दिसलेले काहीतरी दिसेल.

४. 'खराब' ह्या शब्दाची ओळख

इंदूरकडे आणखी एक शब्द सर्व प्रकारच्या नुकसानीला पुरतो, तो म्हणजे 'खराब'. पंखा खराब, रस्ता खराब, तब्येत खराब. हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. अरबीत त्याचा अर्थ उजाड, ओसाड, पडझड झालेली जागा असा आहे. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना तो सातबाराच्या उताऱ्यावर 'पोटखराब' म्हणून भेटतो, म्हणजे शेताच्या आतील लागवडीस न येणारी जमीन. तेथे जुना अर्थ अजून जिवंत आहे.

अरबी व इब्री ह्या सख्ख्या बहिणी. इब्रीत ह्याच तीन अक्षरांचा 'खोर्बा' असा शब्द असून त्याचा अर्थ ओसाड पडलेले अवशेष. यशया ६१:४ मध्ये फार दिवस ओसाड पडलेली ठिकाणे पुन्हा बांधली जातील असे अभिवचन आहे. तेथे मूळात हाच शब्द आहे. म्हणजे हातोदच्या बाजारात सायकल दुरुस्त करणारा ज्या शब्दाने आपले दुकान चालवतो, त्याचाच भाऊबंद यशयाच्या भविष्यवादात बसलेला आहे! आणि तेथेही पुढे दुरुस्तीच आहे. ही पुनर्बांधणी कोण करणार, हेही यशया सांगतो. त्याच अध्यायाच्या पहिल्या वचनात ज्या भग्नहृदयी लोकांना पट्टी बांधली गेली, तेच लोक चौथ्या वचनात पडकी नगरे उभारू लागतात. ज्यांची हाडे बसवली गेली तेच गवंडी झाले.

५. मूळ भाषा काय सांगतात

इब्री भाषेत मोडण्याचे मुख्य क्रियापद 'शाबर' हे आहे. ते पुष्कळसे इंग्रजीसारखेच व्यापक आहे. शास्ते ७ मध्ये गिदोनाच्या लोकांचे घडे फुटले तेथे शाबर. मेंढराचा पाय मोडला तेथे शाबर. मन भंगले तेथेही शाबर. मराठीच्या काटेकोरपणाचे आम्ही कौतुक केले. पण न्यायाने हेही सांगावयास हवे की एकच शब्द वापरणारी भाषा कधी कधी असा धागा दाखवते की जो आपल्याकडे लपून राहतो. स्तोत्र ३४:१८ मध्ये परमेश्वर भग्नहृदयी लोकांच्या जवळ असतो असे आहे, आणि दोनच ओळींनंतर नीतिमानाचे एकही हाड मोडत नाही असे आहे. मराठीत 'भग्न' व 'मोडणे' हे दोन शब्द असल्याने नाते लक्षात येत नाही. इब्रीत दोन्हीकडे 'शाबर' आहे. मन मोडते, हाड मोडत नाही. आणि दोन्हीही एकाच देवाच्या नजरेत असतात, असे स्तोत्रकर्ता सांगत आहे.

यिर्मयाचे दोन अध्याय एकापुढे एक वाचावेत. अठराव्या अध्यायात कुंभाराच्या चाकावरील भांडे बिघडते. माती अजून ओली आहे. कुंभार त्याच गोळ्याचे दुसरे भांडे करतो. एकोणिसाव्या अध्यायात भाजलेले मडके लोकांसमोर फोडले जाते, आणि ते पुन्हा सांधता येणार नाही असे सांगितले जाते. येथे इब्रीतही शब्द वेगळे आहेत : पहिले बिघडणे, दुसरे 'शाबर'. नोहाच्या काळी पृथ्वी भ्रष्ट झाली असे उत्पत्ती ६ मध्ये आहे, तेथे हा पहिलाच धातू आहे. ज्या शिक्षकांच्या गावात कुंभारवाडा असेल त्यांनी मुलांना ओली माती व भाजलेले खापर दाखवून हा धडा द्यावा. मुले लहान आहेत, माती ओली आहे, हे त्यांना न सांगताही शिक्षकाला उमगेल.

यशया ४२:३ मध्ये चेपलेला बोरू आहे. सेवक तो मोडणार नाही. चेपणे व मोडणे ह्या दोन पायऱ्या आहेत. एकीच्या पुढे दुसरी येऊ शकते, आणि प्रभूचा सेवक ती येऊ देत नाही. ह्या 'चेपलेल्या'साठी जो इब्री शब्द आहे, तोच यशया ५८:६ मध्ये जुलमाखाली दडपलेल्या लोकांसाठी आला आहे. नासरेथच्या सभास्थानात प्रभू येशूने जे वाचले त्यात ह्या ५८व्या अध्यायातील शब्दही लूक ४:१८ मध्ये येतात, आणि मराठीत तेथे 'ठेचले' जाणाऱ्यांचा उल्लेख आहे. ठेच आपोआप लागते. पण ठेचले जाते ते कोणाच्या तरी हातून किंवा पायाखाली.

ग्रीक भाषेकडे पाहू. नव्या करारात 'क्लाओ' हे क्रियापद फक्त भाकर मोडण्यासाठीच वापरलेले आहे. हाडे, बोरू, कुपी ह्यांना दुसरी क्रियापदे आहेत. भाकर मोडणे हे नुकसान नव्हे. ते वाटणे आहे. आपल्याकडेही चतकोर मोडून दिला म्हणजे भाकरीची नासाडी झाली असे कोणी म्हणत नाही. प्रभुभोजनाच्या धड्यात मुले एक प्रश्न विचारतात : प्रभूचे एकही हाड मोडले नाही असे योहान १९:३६ सांगतो, मग इंग्रजी प्रार्थनेत त्याचे शरीर 'ब्रोकन' कसे? ह्याचे उत्तर असे की १ करिंथ ११:२४ मध्ये जुन्या इंग्रजी भाषांतरात हा शब्द असला, तरी सर्वांत प्राचीन हस्तलिखितांत तेथे केवळ 'तुमच्यासाठी' एवढेच आहे. मोडली ती भाकर. दिले ते शरीर.

६. दोन मोडलेली मने

आता आपण मूळ मुद्द्याकडे येऊ. स्तोत्र ५१ कोणी व केव्हा म्हटले, हे त्याच्या मथळ्यातच आहे. दाविदाने बथशेबेला आणवले, उरीयाला लढाईत मारवले, आणि नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला. तो राजा होता. त्याने दुसऱ्याचे घर फोडले होते. त्याचे मन भंगले ते आपल्याच पापाच्या जाणिवेने, आणि असे भंगणे हीच त्याच्या बरे होण्याची सुरुवात होती. त्याला पश्चात्ताप हवा होता.

यशया ६१ मधील भग्नहृदयी लोक निराळे आहेत. ते दीन आहेत, बंदिवान आहेत, शोक करणारे आहेत. त्यांना पट्टी हवी आहे, मोकळीक हवी आहे, राखेऐवजी शिरोभूषण हवे आहे. त्या वचनांत त्यांना पश्चात्ताप करा असे सांगितलेले नाही. त्यांना शुभवर्तमान सांगितले आहे.

इब्रीत दोघांच्याही मनाला 'शाबर' हाच धातू आहे, इंग्रजीत 'ब्रोकन' हेच विशेषण आहे, मराठीतही 'भग्न' हाच शब्द आहे. म्हणून घोटाळा होतो. नवऱ्याच्या मारामुळे खचलेली बहीण पाळकांकडे येते, आणि तिला स्तोत्र ५१ वाचावयास देतात. सावकारी कर्जाने मोडलेला शेतकरी प्रार्थनासभेत रडतो, आणि लोक म्हणतात, "देव त्याला नम्र करीत आहे." घरात ज्याच्यावर अत्याचार झाला ते मूल गप्प राहू लागते, आणि संडेस्कूलमध्ये त्याला कबुलीचे वचन पाठ करावयास लावतात. हाड मोडलेल्या माणसाला आपण सुई-दोरा दाखवतो. दुसरीकडे, ज्याने दुसऱ्याचा संसार मोडला तो मंडळीत उभा राहून "मीही ब्रोकन आहे" एवढे म्हणतो, आणि त्याला सहानुभूती मिळते. ज्याला नाथान पाहिजे होता त्याला पट्टी मिळते. ज्याला पट्टी पाहिजे होती त्याला नाथान भेटतो.

"आपण सर्वच ब्रोकन आहोत" हे वाक्य ह्याच कारणाने जपून वापरावे. सर्वांनी पाप केले आहे हे पौल सांगतो, ते सत्य आहे. पण सर्वांचे सारखेच नुकसान झाले आहे असे तो म्हणत नाही. मोडणारा आणि मोडला गेलेला ह्यांना एका शब्दात बांधले की मोडणाऱ्याची सोय होते.

यहेज्केल ३४:१६ मध्ये देव स्वतः मेंढपाळाचे काम कसे करतो ते पाहा. हरवलेल्याला तो शोधतो. हाकलून दिलेल्याला परत आणतो. मोडलेल्याला पट्टी बांधतो. दुर्बळाला बळ देतो. चार मेंढरे, चार दुखणी, चार उपाय. आणि चौथ्या वचनात इस्राएलाच्या मेंढपाळांवर जो ठपका आहे तोही ह्याच यादीचा आहे : हे त्यांनी केले नाही, ते केले नाही, तर सर्वांवर सारखीच सक्ती चालवली. कळपाकडे नुसते पाहून चालत नाही; एकेका मेंढराचा पाय हातात घेऊन पाहावा लागतो.

७. मोड आणि अभंग

हा अभ्यास संपवण्यापूर्वी मराठीतील दोन-तीन शब्दांकडे शिक्षकांचे लक्ष वेधतो.

'मोड' म्हणजे मोडणे खरेच; पण मटकी भिजवून फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी तिला येतो तोही मोड. मोठी नोट मोडून घेतली की हाती येते तीही मोड, कारण आता ती चौघांत वाटता येते. आपली जुनी मोडी लिपी हिचे नावही, अक्षरे मोडून-वळवून हात न उचलता लिहीत, ह्यावरून पडले असे सामान्यतः मानतात. विल्यम कॅरी यांचा मराठी कोश १८१० साली बंगालमधील सेरामपूरला छापला गेला तो ह्याच लिपीत.

'फुटणे' पाहा. माठ फुटतो, तशीच पालवीही फुटते. विहिरीला पाझर फुटतो, आईला पान्हा फुटतो, मुक्याला वाचा फुटते, तांबडे फुटते. माळव्यातील काळी जमीन उन्हाळ्यात तापून भेगाळते. पहिल्या पावसाचे पाणी त्याच भेगांतून खोल उतरते. दुःखातून आपोआप चांगले निघते असा ह्याचा अर्थ कोणी करू नये. भेग ती भेगच. तरी पाऊस पाडणारा पाऊस पाडतो, आणि भेगेचाही उपयोग होतो.

आणि 'अभंग'. ज्याचा भंग होत नाही तो अभंग. महाराष्ट्राच्या भक्तीने आपल्या गीताला हे नाव दिले, आणि नारायण वामन टिळकांनी ते आपल्या 'अभंगांजली'च्या नावात घेतले. भंगलेल्या मनाची माणसे अभंग गातात, ह्यात विसंगती काहीच नाही. मन भंगते, ज्याला ते गातात तो भंगत नाही.

शिक्षकांसाठी

लहान वर्ग : एक सुतळी, एक वाळकी काडी, कापडाचा तुकडा व एक खापर वर्गात न्यावे. मुलांकडून प्रत्येकाचे क्रियापद काढून घ्यावे, आणि मग ते कसे नीट करता येईल हे विचारावे. हिंदी शाळेत जाणारी मुले 'तुटले' एवढेच म्हणतील. त्यांना हसू नये, शब्द द्यावा. नंतर मेंढपाळाची गोष्ट सांगावी.

मोठा वर्ग : स्तोत्र ५१ व यशया ६१:१-४ शेजारी शेजारी वाचावीत आणि पुढील प्रश्नांवर बोलावे.

(१) दोन्ही ठिकाणी मन भग्न आहे. एकाचे कशामुळे, दुसऱ्याचे कशामुळे?

(२) यहेज्केल ३४:१६ मधील चार मेंढरांपैकी आपल्या मंडळीत कोणते मेंढरू आपल्याला सर्वांत कमी दिसते?

(३) आपण कोणाला चुकीचे औषध दिले आहे काय? आता त्याच्याकडे काय घेऊन जावे?

वर्गात कोणी आपले दुःख बोलून दाखवले तर लगेच वचन सांगण्याची घाई करू नये. काय झाले ते आधी विचारावे : तुटले, फाटले, मोडले, की कोणी मोडले? उत्तर पुरते ऐकून घ्यावे, आणि मगच हात लावावा.